गाडीच्या दारातलं बावखल

१

सकाळी चर्चमधल्या मिस्सेहून परत आलं की हिल्डाला आधी गॅरेजचं दार उघडं दिसायचं आणि मग नवरा. नवरा म्हणजे नवऱ्याची पाठ. ॲन्सेल्म तुस्कानो बुटक्या स्टुलावर बसून गाडी पुसत असायचा आणि बायको आल्याची दखल म्हणून 'हं' एवढंच म्हणायचा. गावातल्या बायका गाडीला हिल्डाची सवत म्हणायच्या. हिल्डाही हसून म्हणायची, सवत निदान भांडते तरी.

गाडी होती एमजी, सन बावन्नची, इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, बिनटपाची. तिची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. पुढची काच हवी तेव्हा बॉनेटवर आडवी पाडता यायची. ॲन्सेल्मला ती मिळाली तेव्हा तिच्यात एका बंगल्याच्या कोंबड्या नांदत होत्या आणि सांगाड्याचं लाकूड बोटाने उकरावं इतकं कुजलं होतं. वालीवच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने सगळा जीव तिच्यात घातला.

रंग तर त्याने कोणाला लावू दिला नाही. काळा वाटावा इतका गर्द हिरवा. एक हात द्यायचा, सुकला की पाणी ओतत वॉटर पेपरने घासायचा, पुन्हा हात, पुन्हा घासणं. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून घासायला पाणी तो गॅरेजमागच्या बोअरचंच घ्यायचा. असे किती हात दिले ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी त्या रंगाला अशी खोली आली की बघणाऱ्याला बोट बुडवून बघावंसं वाटायचं.

मुंबईला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला पहिलं बक्षीस मिळालं. चषक घरी आला आणि वेदीवर मारियेच्या मूर्तीशेजारी जाऊन बसला. हिल्डाने दोघांना उदबत्तीचा धूर सारखाच मिळेल अशी व्यवस्था केली आणि मग त्याच दिवशी मनातलं बोलून टाकलं.

"ॲन्सेल्म, झालं ना आता? जगाने बघितली, वाहवा झाली. आता वीक ती. आणि घरात ये."

तो भांडेल म्हणून तिने पदर खोचूनच ठेवला होता. पण तो एवढंच म्हणाला, "विकूया."

पुण्याहून टिफनी, त्यांची मुलगी, सुट्टीला आली होती. तिने गॅरेजसमोर उभं राहून फोटो काढले, जाहिरात टाकली आणि परत गेली. हिल्डाला वाटलं, चला, उरलेल्या आयुष्यात तरी नवरा मिळाला.

२

पहिला नाव घेण्याजोगा फोन आला तो प्रितेशचा. खाडीकाठच्या शेतकरी घरातला मुलगा, वालीवला स्वतःचं युनिट, बोलायला मोकळा.

"आंटी, गाडी एक नंबर आहे. रविवारी बघायला येतो. बाय द वे, फोटो कुठे काढलेत? दारात ते तळं दिसतंय ना, काय सही लोकेशन आहे! आमच्या संजनाला तिथेच फोटो काढायचेत."

"तळं?" हिल्डा म्हणाली. "फोटो आमच्या अंगणातले आहेत."

"मग तर लकी आहात. पायऱ्याबिऱ्या आहेत, काठाला झाड आहे. आता कुठे राहिलंय असं?"

फोन ठेवून तिने चष्मा लावला आणि जाहिरातीतला फोटो बोटांनी मोठा केला. गाडीच्या डाव्या दारात पाण्याचं प्रतिबिंब होतं. काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. एका बाजूला रहाटाचं चाक, त्याला मडकी बांधलेली. वर उंबराची वाकडी फांदी, आणि तिच्यावर कोणीतरी वाळत टाकलेला लाल पंचा.

तिने ते ओळखलं. न ओळखून सांगते कोणाला? ते त्यांचंच बावखल होतं. वसईतल्या वाड्यांना पूर्वी घराशेजारी असं गोड्या पाण्याचं तळं असायचं. केळी, पानवेली, धुणं, पोहणं, सगळं त्याच्याच जिवावर. मग बोअर आले, डासांची ओरड झाली आणि एकेकाने आपापलं बावखल बुजवलं. यांनीही डबराचे ट्रक मागवून बुजवलं, उंबर तोडला, वर लाद्या घातल्या. गॅरेज त्याच भरावावर उभं होतं.

हिल्डा चर्चच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. परावर्तनाचे नियम तिने निम्म्या गावाला पाठ करायला लावले होते. समोर असेल तेच दिसणार. ती फोन घेऊन टिफनी उभी होती त्या जागी गेली. दारासमोर काय होतं? चिकूचं झाड, दोरी, दोरीवर वाळत घातलेली चादर. दारात बघितलं तर तेच: चिकू, दोरी, चादर आणि चष्मा लावलेली म्हातारी. तिने सुटकेचा श्वास टाकला. टिफनीच्या फोनमध्ये काहीतरी करामत असणार, आजकालची पोरं काय वाटेल ते चिकटवतात.

मग तिला दिसलं की दारातली चादर हलते आहे. हळू, खालपासून वरपर्यंत, लाटा घेत.

वारा नव्हता. तिने मागे जाऊन चादर दोन्ही हातांनी गच्च धरली आणि मान वळवून दाराकडे बघितलं. हातातली चादर स्थिर होती. दारातली हलतच होती. तिच्याबरोबर दारातली हिल्डाही हलत होती.

३

"तुला दिसतं?" तिने जेवताना विचारलं.

ॲन्सेल्मने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मला वाटायचं, तुला दिसत नाही."

"केव्हापासून?"

"शेवटचा हात घासला त्या दिवसापासून. आधी वाटलं डोळ्यांत काहीतरी झालंय. मोतीबिंदू."

"आणि प्रदर्शनात? तिथे एवढी माणसं होती."

तो उठला आणि प्रदर्शनाचे फोटो घेऊन आला. मुंबईतलं मोठं मैदान, मांडव, गाड्यांची रांग. परीक्षक त्यांच्या एमजीपुढे वाकले होते. त्यांच्या बुटांपलीकडे, दाराच्या खालच्या कडेला, पाण्याची पट्टी चमकत होती आणि शेवटची पायरी ओली होती. परीक्षकांनी रंगाच्या खोलीची फार तारीफ केली होती. माणसं पाणी बघत होती आणि तो रंगाचाच गुण समजत होती.

हिल्डाने तो फोटो आणि जाहिरातीतला फोटो शेजारी शेजारी ठेवले. तिला काही विचारावं लागलं नाही.

"चढतंय गो," ॲन्सेल्म म्हणाला. "रोज थोडं थोडं. आता वरच्या पायऱ्यांना लागलंय."

"मग विकायला कसा तयार झालास?"

तो बराच वेळ हात धूत राहिला. "काठाला आलं की मी काय करीन, ते मला ठाऊक नाही. म्हणून."

इतक्या वर्षांच्या संसारात तो असा कधी बोलला नव्हता. रविवार यायला अजून अवकाश होता.

४

ते दिवस हिल्डाने जीव मुठीत धरून काढले. ॲन्सेल्म चहा गार करायचा, जेवण गार करायचा. हाक मारली की 'आलो' म्हणायचा आणि यायचा नाही. हिल्डा स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. दुपारी गाव झोपलं की गॅरेजच्या बाजूने करकर ऐकू यायची, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग पुन्हा करकर. कोणाचा तरी पंप असेल, ती स्वतःला सांगायची. पंप करकरत नाही, हेही तीच सांगायची.

एकदा तिने ताडपत्री आणून गाडी चाकांपर्यंत झाकून टाकली. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीची खालची कड ओली होती. हाताला बुळबुळीत शेवाळ लागलं. तिने हात नाकाशी नेला आणि तिला एकदम रडू आलं.

तो वास ती विसरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी ॲन्सेल्मला ज्या पाण्याने आंघोळ घातली ते बायकांनी वाजतगाजत याच पायऱ्यांवरून भरून नेलं होतं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा त्याच्या अंगाला तोच वास होता. पुढे टिफनीच्या पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधून त्याने तिला इथेच पोहायला शिकवलं. स्वतः छातीभर पाण्यात उभा राहायचा आणि पोरगी दमली की दोन्ही हात पुढे करायचा.

हिल्डाने ताडपत्री ओढून काढली आणि स्टुलावर बसून पहिल्यांदाच नीट बघितलं.

आधी तिला स्वतःचं तोंड दिसलं, मग तोंड पातळ होत गेलं आणि त्यामागे पाणी उघडलं. पाणी हिरवं आणि स्वच्छ होतं. पायऱ्यांच्या फटींतून बोटभर मासे आतबाहेर करत होते. उंबराचं एक पिकलं फळ टप्पकन पडलं आणि त्याच्या वर्तुळांनी दाराची मूठ ओलांडली, पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या वळणावर चढली आणि बॉनेटवर जाऊन विरली. खाली तळ नव्हता. गाडीच्या दाराची जाडी वीतभर, आणि तिच्यात आभाळ मावलं होतं, त्यात एक घार फिरत होती.

भीती वाटायला हवी होती हे हिल्डाला कळत होतं. पण तिचे हात आपोआप जोडले गेले होते. वेदीपुढे इतकी वर्षं बसून जे कधी झालं नाही ते गॅरेजात झालं. आपण एवढी मोठी गोष्ट डबर टाकून बुजवली, आणि ती रागावलीसुद्धा नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

मग तिने बघितलं की पाणी वरून दुसऱ्या पायरीला लागलं आहे. ती उठली आणि घरात जाऊन प्रितेशला फोन लावला. लवकर ये म्हणाली.

५

तो शनिवारीच आला. बरोबर बायको संजना. हिल्डाने दोघांना सरबत दिलं आणि ॲन्सेल्मने गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. प्रितेशने तोंडात बोटं घालायचीच बाकी ठेवली.

"अंकल, ही गाडी नाही, दागिना आहे. हात लावू?"

त्याने दारावर तळवा ठेवला. "थंड आहे! उन्हात उभी आणि एवढी थंड?"

"रंग चांगला बसलाय," ॲन्सेल्म जमिनीकडे बघत म्हणाला.

हिल्डाचं लक्ष मात्र त्या दोघांच्या पायांकडे होतं. गाडीभोवती फिरताना डाव्या बाजूला आले की ते सरळ चालत नव्हते. अंगण सगळं लाद्यांचं, सपाट, कोरडं ठणठणीत. तरी प्रितेश लादी चाचपून पाऊल टाकत होता आणि संजना सलवार दोन बोटांनी वर धरून गाडीला अगदी खेटून चालत होती.

"आंटी, इथे रेलिंग लावून घ्या ना," ती बोलता बोलता म्हणाली. "एखादं लहान मूल घसरेल."

"कुठे?" हिल्डाने विचारलं.

"इथे, काठाला..." संजनाने मागे वळून बघितलं. मागे लाद्या होत्या आणि चिकूची चार पानं पडली होती. तिने सलवार सोडली आणि कसनुसं हसली. "सॉरी. मला वाटलं..." त्यानंतर ती फाटकाजवळच उभी राहिली.

प्रितेशला गाडी हवीच होती. बोलणं लगेच ठरलं. उद्या सकाळी ट्रक घेऊन येतो म्हणाला.

"मिस्सेच्या आधीच ये," हिल्डा म्हणाली. तिने ॲन्सेल्मकडे बघायचं टाळलं.

६

संध्याकाळी चर्चची घंटा झाली, रोजरीच्या प्रार्थनेची वेळ आली आणि ॲन्सेल्म आत आला नाही. हिल्डा त्याला बोलवायला गेली.

तो डाव्या दारापुढे बसला होता. शेवटचं पुसणं चाललं होतं. तिरपं ऊन गॅरेजात आलं होतं आणि दार काठोकाठ भरलं होतं, म्हणजे दाराच्या वरच्या कडेपर्यंत नुसतं पाणी, पायऱ्या कुठेच दिसत नव्हत्या. ॲन्सेल्मचा हात फडक्यासकट दारावर गोल फिरत होता. एका फेरीत हात दारावर होता. पुढच्या फेरीत तो मनगटापर्यंत आत होता आणि बोटांमागून फडकं पाण्यात सावकाश उलगडत गेलं.

"ॲन्सेल्म!"

त्याने हात बाहेर घेतला. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की तिला त्याच्यावर ओरडवेना.

"कोमट आहे गो," तो हळूच म्हणाला. "दिवसभर उन्हात तापल्यासारखं. एकदा हात तर लाव."

तिला लावायचा होता. देवाशपथ, तिला लावायचा होता. ती एक पाऊल पुढे सरकलीसुद्धा. मग तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"उद्या ती जातेय. तू आत ये. ताबडतोब. मी भात टाकलाय, तो लागेल."

"हो पुढे. आलोच."

भाताचं निमित्त खरं होतं. आणि ती आणखी क्षणभर थांबली असती तर तिचा हात तिच्या ताब्यात राहिला नसता, हेही खरं होतं. ती वळली आणि भराभर घराकडे निघाली. पायरी चढताना मागून एक आवाज आला. पाण्यात उतरताना कमरेला पाणी लागलं की माणूस श्वास आत ओढतो, तेवढाच. तिने मागे बघितलं नाही. भात खरंच लागला होता.

थोड्या वेळाने ॲन्सेल्म आला. पाय धुऊन, केस विंचरून आला आणि वेदीपुढे तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. सगळी रोजरी तिच्याबरोबर म्हणाला. जेवताना भात लागलाय असं म्हणाला नाही, पुन्हा वाढून घेतला. मनवेलपाड्याला राहणाऱ्या तिच्या बहिणीची चौकशी केली. हिल्डाने भांडी घासता घासता डोळे पुसले. सुटलो बाबा, ती मारियेला म्हणाली. माझा माणूस सुटला.

७

ट्रक सकाळी सांगितल्या वेळी आला. प्रितेशच्या माणसांनी फळ्या लावल्या, गाडी वर चढवली, चाकांना पट्टे आवळले. ॲन्सेल्म ओट्यावर उभा राहून बघत होता. किल्ली त्याने आधीच देऊन टाकली होती. तो गाडीपाशी गेला नाही, तिच्यावरून हात फिरवला नाही, 'जपून न्या' असंही म्हणाला नाही. प्रितेशने वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या पाठीवर थोपटून 'बरं' म्हणाला आणि आत निघून गेला.

हिल्डाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ती एकटीच फाटकापर्यंत गेली.

ट्रक वाडीच्या अरुंद वाटेने डुलत निघाला. क्रूसाच्या वळणावर केळीच्या पानांत अडकू नये म्हणून ड्रायव्हरने तो सावकाश वळवला आणि गाडीचं डावं दार पूर्ण हिल्डाकडे फिरलं.

कोवळं ऊन त्याच्यावर पडलं होतं. बावखल काठोकाठ भरलं होतं. रहाट फिरत होता आणि त्याच्या मडक्यांतून पडणारं पाणी उन्हात पेटल्यासारखं दिसत होतं. उंबर पानापानासकट उभा होता. इतकं सुंदर काही तिने जन्मात बघितलं नव्हतं, आणि ते तिच्या दारापासून दूर चाललं होतं. तिचा श्वास अडकला तो आधी नुसत्या त्या सुखाने.

मग तिला पाण्यात छातीभर उभा असलेला माणूस दिसला. कालचाच शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, केस ओले. तो घाबरलेला नव्हता. काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सावकाश बघत होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. त्याने दोन्ही हात पाण्यावर पुढे केलेले होते.

"हिल्डा," घरातून ॲन्सेल्मची हाक आली. "ये गो. चहा केलाय मी."

आवाज त्याचाच होता. मायेचा होता. अशी हाक यावी म्हणून तिने किती वर्षं काढली होती. स्वयंपाकघरात कपबशी वाजली, चहात आलं घातल्याचा वासही आला.

ट्रक वळण संपवून सरळ होऊ लागला. पाण्यातल्या माणसाची नजर काठावरून फिरत फिरत फाटकाशी आली आणि तिथे थांबली. त्याने तिला बघितलं.

"हिल्डा, निवतोय गो."

पायातल्या चपला सुटल्या तशा टाकून हिल्डा तुस्कानो ट्रकच्या मागे धावत सुटली.